विजया, हिरडा आणि घरातले विस्मरण

गेल्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ रिसोडहून आला तो एक तपकिरी बाटली आणि सोळा पानांची एक पुस्तिका घेऊन. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विजया’ आणि खाली बारीक टाइपात ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असे छापलेले. तो म्हणाला, “दादा, तू वाचणारा माणूस आहेस. हे वाच आन सांग, मी सुरू करू का नको.” तो अठ्ठेचाळीस वर्षांचा. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. आमची आजी, तिच्यानंतर माझे वडील, त्यांच्यामागून आत्या, अशी तीन माणसे आम्ही दोघांनी विसरत विसरत जाताना पाहिली आहेत. आजीच्या वेळी गावात कुणी आजाराचे नाव घेतले नाही. “बुढी चयली,” एवढेच म्हणत. वडिलांच्या वेळी अकोल्याच्या डॉक्टरांनी ‘अल्झायमर’ हा शब्द कागदावर लिहून दिला.

या लेखाचा विषय ती बाटली नसून ती पुस्तिका आहे. पुस्तिकेच्या प्रकाशकाचे नाव देण्याचे कारण नाही. या वळणाची छापील आणि मोबाइलवरची असंख्य पत्रके सध्या फिरत आहेत आणि त्यांचा युक्तिवाद थोड्याफार फरकाने एकच असतो. चरक-सुश्रुतांनी विजयेला, म्हणजे भांगेला, मेध्य म्हणजे बुद्धिवर्धक म्हटले होते. इंग्रजांनी आपले ज्ञान दडपण्यासाठी तिच्यावर बंदी घातली. आणि आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तेच सिद्ध केले आहे. सबब ज्यांच्या घरात विस्मरण वंशाने चालत आले आहे त्यांनी चाळिशीनंतर रोज चार थेंब घ्यावेत. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. संस्कृतही कोश मांडीवर घेऊनच वाचतो. पण एखादा मजकूर काय म्हणतो आणि कशाच्या जोरावर म्हणतो, हे तपासण्याची सवय मला तीस वर्षांची आहे. आणि या वेळी तपासणीचा निकाल माझ्याच डोक्याशी संबंधित होता.

सुरुवात ‘मेध्य’ या शब्दापासून केली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या प्रकरणात मेध्य रसायने म्हणून ज्यांचा स्पष्ट उल्लेख आहे ती चार : मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांतही शंखपुष्पीला विशेष मान. भांग या यादीत नाही. मग पुस्तिकेला ‘विजया मेध्य आहे’ हे कुठे सापडले? इथे मी बरेच दिवस अडलो. पुस्तिकेत श्लोकाचा क्रमांक नव्हता, नुसते ‘आयुर्वेद सांगतो’ असे होते. शेवटी उलगडा झाला तो सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात, निघंटूच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर. तिथे हरीतकीच्या, म्हणजे आपल्या हिरड्याच्या, सात जाती सांगितल्या आहेत आणि त्यांतल्या पहिल्या जातीचे नाव आहे विजया. हिरड्याच्या गुणांमध्ये ‘मेध्या’ आणि ‘रसायनी’ ही दोन्ही विशेषणे आहेत. त्याच ग्रंथात पुढे भांगेचे पर्याय सांगताना पुन्हा ‘विजया’ हे नाव येते. एक नाव, दोन वनस्पती, आणि गुण हिरड्याचे. ते भांगेच्या बाटलीवर येऊन चिकटले.

पुस्तिकाकाराने हे जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही. निघंटू वाचणाऱ्या प्रत्येकाला पर्यायनामांचा हा चकवा कधी ना कधी लागतो. अभया, अमृता, जया ही नावे कुठे कुठे फिरून येतात याची गणती नाही. पण ज्याने ग्रंथ उघडला त्याने दोन पाने पुढे जाऊन भांगेचे गुणही वाचायला हवे होते. ते असे आहेत : ती कफ हरण करते, मल बांधते, पचन करते, हलकी, तीक्ष्ण आणि उष्ण आहे, पित्त वाढवते, आणि मोह, मद, वाणी व जठराग्नी यांची वाढ करते. मोह! वैद्यकात या शब्दाचा अर्थ प्रेमात पडणे असा नाही. भान हरपणे, काय आहे ते न कळणे, असा आहे. ज्या ग्रंथाच्या आधारावर ती स्मरणासाठी विकली जाते, तोच ग्रंथ तिच्या खात्यावर मोह लिहून ठेवतो.

याहून मागे गेलो तर आधार आणखी विरळ होतो. अथर्ववेदात ‘भंग’ हा शब्द आहे, पण ती वनस्पती हीच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. डॉमिनिक वुजास्तिक यांनी २००२ साली एका लेखात संस्कृत वैद्यकातल्या भांगेच्या उल्लेखांची काळजीपूर्वक छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की जुन्या संहितांमध्ये ती औषध म्हणून निश्चितपणे दाखवता येत नाही. स्पष्ट उल्लेख अकराव्या शतकाच्या आसपास, वंगसेनापासून मिळू लागतात. शार्ङ्गधर तिला अफूच्या पंगतीला बसवतो : पचण्याआधीच सर्व शरीरभर पसरणारे द्रव्य म्हणून. आणि नंतरच्या वैद्यांनी ती वापरली ती मुख्यतः पोटासाठी. जातीफलादि चूर्णात भांग आहे आणि ते ग्रहणीवर, म्हणजे जुनाट अतिसारावर दिले जाते. हा सगळा अनुभव खरा आहे, मोलाचा आहे, आणि त्याची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. फक्त तो पोटाचा अनुभव आहे.

इंग्रजांच्या बंदीची गोष्ट तर आमच्याच भागातल्या कागदांनी खोटी ठरते. वाशीम त्या काळी ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला. वऱ्हाड निजामाचे, कारभार इंग्रजांचा. इंग्रज सरकारने गांजावर बंदी घातली नव्हती. परवाने दिले होते आणि कर घेतला होता. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन नावाच्या दारूविरोधी खासदाराने प्रश्न विचारला आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांपैकी तीन हिंदी. कमिशनने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले, त्यांत वऱ्हाडातलेही आहेत. १८९४ चा तो अहवाल आता स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना वाचता येईल असा ठेवला आहे. मी तो गेल्या दिवाळीनंतर वाचायला घेतला आणि अजून संपवलेला नाही.

त्यातला जो भाग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला तो वेड्यांच्या इस्पितळांचा. त्या वेळी सर्वमान्य समज असा होता की हिंदुस्थानातले वेडे मोठ्या प्रमाणात गांजाने झालेले आहेत, आणि इस्पितळांची छापील वार्षिक आकडेवारी त्याला पुरावा होती. कमिशनने १८९२ या एका वर्षात दाखल झालेले १,३४४ रुग्ण घेतले आणि ज्यांच्या नावापुढे ‘गांजा’ होते त्यांची चौकशी थेट त्यांच्या गावी करवली. काय आढळले? दाखल्याच्या नमुन्यात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना होता. तो भरणारा बहुधा पोलीस. माहीत नाही असे लिहिले तर वरून विचारणा होई. म्हणून माणूस कधी चिलीम ओढताना दिसला असेल तर ‘गांजा’ लिहून मोकळे व्हायचे. तपासाअंती गांजाचा काही ना काही संबंध असावा असे म्हणण्याजोगे उरले अवघे ९८. हा अहवाल गांजाचे गुणगान करत नाही; अतिसेवन वाईट, बेताचे सेवन बहुतांशी निरुपद्रवी, एवढेच म्हणतो. त्याचे खरे मोल मला वाटते ते दुसरीकडे आहे. ‘कारण’ नावाचा रकाना रिकामा राहू शकत नाही म्हणून तो कशानेतरी भरला जातो, हे त्याने १३० वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्या रकान्यात एकेकाळी ‘गांजाने वेड’ लिहिले जाई. आज तीच लेखणी ‘गांजाने स्मरण’ लिहिते आहे.

कमिशनने प्राण्यांवरही प्रयोग करवले होते. कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरने एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर दिला, मग त्याचा मेंदू तपासला. मेंदूत गांजाने झाली म्हणावी अशी विकृती सापडली नाही. माकडावरून माणसाबद्दल किती बोलावे याचा संकोच त्या अहवालात मला दिसतो. पुस्तिकेत तो नाही. (बंदीचे म्हणाल तर ती स्वतंत्र भारताने १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने आणली, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केल्यामुळे. गांजा आणि चरस त्यात आले, नुसती पाने वगळली गेली. म्हणून पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर विकता येतो. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले होते. हेही पुस्तिकेत असायला हरकत नव्हती.)

आता अमेरिकेने ‘सिद्ध’ केले त्याकडे. पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांत तीन संशोधनांचा उल्लेख आहे. तिन्ही खरी आहेत, हे आधी सांगतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत असे दिसले की गांजातले टीएचसी हे द्रव्य ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अडवते, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत ज्याचे थर साचतात त्या ॲमिलॉइडच्या गुठळ्या होण्याला आळा घालते. काचेच्या नळीत. २०१६ मध्ये सॉल्क संस्थेत ॲमिलॉइड तयार करणाऱ्या मानवी चेतापेशींवर तोच परिणाम आणि दाह कमी होणे दिसले. काचेच्या बशीत. तिसरे अमेरिकेतले नसून जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले आहे. २०१७ चे ते संशोधन सर्वांत विलक्षण आहे आणि त्याच्याशीच सर्वांत जास्त अप्रामाणिकपणा झाला आहे. म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस अगदी थोडे टीएचसी दिले तेव्हा त्यांची स्मरणशक्ती तरण्या उंदरांसारखी झाली. पुस्तिका इथे थांबते. मूळ निबंध थांबत नाही : तेच द्रव्य तरण्या उंदरांना दिले तेव्हा त्यांची कामगिरी बिघडली. शिवाय त्या म्हाताऱ्या उंदरांना अल्झायमर झालेला नव्हता, ते फक्त म्हातारे होते. ‘चाळिशीपासून रोज चार थेंब’ या सल्ल्याला आधार द्यायला निघालेला पुरावा अर्ध्यावरून उलटा चालू लागतो.

मग माणसांवर काय? नेदरलँड्समध्ये २०१५ साली स्मृतिभ्रंशाच्या ५० रुग्णांवर टीएचसीच्या गोळ्यांची चाचणी झाली. त्यांची अस्वस्थता, ओरडणे, फिरत राहणे कमी होते का हे पाहायचे होते. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. २०१९ मध्ये टोरांटोत रुग्णांना नॅबिलोन हे त्याच जातीचे कृत्रिम औषध दिले. अस्वस्थता कमी झाली, गुंगी मात्र वाढली. हे दुसरे निष्कर्ष मी हलके मानत नाही. वडिलांच्या शेवटच्या वर्षात रात्री दोन वाजता दार धडकावून “मले घरी जाचं हाये” म्हणत ते स्वतःच्याच घरातून बाहेर पडू पाहत, तेव्हा कुणी अशी गोळी हातावर ठेवली असती तर मी निबंध वाचत बसलो नसतो. पण त्या चाचण्या आधीच आजारी असलेल्यांच्या त्रासावर आहेत. निरोगी वारसाने घेतले तर आजार टळतो, असे त्यांत कुठेच नाही, कारण तो प्रश्नच विचारलेला नाही. आणि २०२५ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या ४५ वर्षांवरच्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असे दिसले की गांजामुळे ज्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागले त्यांना पुढच्या काही वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान इतर कारणांनी दाखल झालेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात झाले. यातून गांजा हेच कारण असे सिद्ध होत नाही. लेखकही तसे म्हणत नाहीत. अति ओढणारी माणसे आणि चार थेंब घेणारी माणसे एक नाहीत. पण मग उंदीर आणि माझा चुलतभाऊ तरी कुठे एक आहेत?

‘वंशाने चालत येणे’ या शब्दप्रयोगातही पुस्तिकेने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. एक प्रकार असा की एका जनुकातला बदल आई किंवा बापाकडून आला तर आजार जवळजवळ ठरलेला, आणि तोही तरुणपणी. कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांत अशी कुटुंबे आहेत. पन्नाशीच्या आतच माणसे विसरू लागतात. तिथले लोक या आजाराला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. आपला ‘म्हातारचळ’ आठवावा. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून २०२४ मध्ये वारेपर्यंत ही घरे पालथी घातली, वंशावळी जुळवल्या. पुढे त्याच कुटुंबांतल्या निरोगी माणसांवर, आजार व्हायच्या आधी, क्रेनेझुमॅब या औषधाची वर्षानुवर्षे चाचणी चालली. २०२२ मध्ये ती असफल ठरली. प्रतिबंध सिद्ध करायचा म्हणजे काय करावे लागते, आणि एवढे करूनही हाती काय लागू शकते, याचा हा नमुना.

आमच्या घरातले विस्मरण या जातीचे नाही. आजी पंचाहत्तरीत, वडील बहात्तराव्या वर्षी, आत्या त्याहून उशिरा. अशा घरांत एपीओई-४ सारखी जनुके धोका वाढवतात, पण काही ठरवून टाकत नाहीत. साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अंदाज आहे. दोन पिढ्यांतली तीन माणसे म्हणजे वंशाचा शाप की दीर्घ आयुष्याचा हिशेब, हे मला खरोखर सांगता येत नाही. पुस्तिकेला मात्र येते.

तरीही ती पुस्तिका मी रागाने वाचू शकलो नाही. तिच्यात एक वाक्य आहे, साधारण अशा अर्थाचे, की डॉक्टर तुम्हाला वाट पाहायला सांगतात, आम्ही काहीतरी करायला सांगतो. तिचा सगळा खप या वाक्यावर आहे. माणसाला रिकाम्या हाताने वाट पाहणे जमत नाही. मराठीत या वाट पाहण्याकडे सरळ पाहणारी कलाकृती म्हटली तर मला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ आठवतो. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित. रस्त्यावर हत्ती दिसतो, आणि ते त्याच्यामागे चालत निघून जातात. मुलगी शोधत राहते. शास्त्रींना मुलगी आठवत नाही, पण श्लोक आठवतात. हे खोटे नाही. वडील शाळामास्तर होते. घरात वाट चुकू नये म्हणून मी दारांवर कागद चिकटवले होते. मार्केझच्या माकोंदोत लोकांनी वस्तूंवर चिठ्ठ्या लावल्या तसे. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारावरच्या कागदावर पेन्सिलीची खूण दिसली. मी घाईत ‘स्वंयपाकघर’ लिहिले होते. त्यांनी अनुस्वार उचलून ‘य’वर नेला होता. माझे नाव त्यांना तेव्हा आठवत नव्हते.

‘अस्तु’बद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती इथे नोंदवतो. चित्रपटात म्हाताऱ्याला ‘आहे तसा’ स्वीकारते ती माहुताची बायको चन्नम्मा. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो रास्तच होता. पण तिला ते जमते, कारण तिच्याकडे त्याचा भूतकाळ नाही. आणि ते फार तर दिवसभराचे आहे. लेकीकडे सगळा भूतकाळ आहे आणि पुढची सगळी वर्षे. गरीब बाईच्या सहज मायेपुढे शिकलेल्या मुलीला किंचित अपराधी उभे करून चित्रपट स्वतःची सुटका करून घेतो, असे मला पहिल्यांदा पाहताना वाटले नव्हते. वडिलांची तीन वर्षे काढल्यावर वाटले. आमच्याकडे ती लेक म्हणजे माझी बायको होती, आणि तिने कुठलाही चित्रपट न पाहता ते केले. तरी या चित्रपटाचे एक मोठे ऋण आहे : तो कुणाला बरे करायला निघत नाही. त्याच्या कारणाच्या रकान्यात काही लिहिलेले नाही.

चुलतभावाला मी काय सांगितले? हिरड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो मोठ्याने हसला. उंदरांची सांगितली तेव्हा गप्प झाला. मग त्याने विचारले, “मंग करायचं काय?” माझ्याजवळ जे होते ते दिले. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने जगभरच्या अभ्यासांवरून असे मांडले आहे की स्मृतिभ्रंशाचे जवळपास ४५ टक्के प्रमाण चौदा गोष्टींशी जोडलेले आहे : बहिरेपण, मंद दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, एकटेपणा, कमी शिक्षण वगैरे. यादी वाचताना बहिरेपणापाशी आम्ही दोघेही थांबलो. वडिलांना साठीतच कमी ऐकू येऊ लागले होते. आम्ही त्यांना हसायचो. ते ‘पाणी’ म्हणाले की मुद्दाम ‘राणी?’ विचारायचो, आणि हळूहळू त्यांनी बोलणेच सोडले. यंत्र घ्यावे असे कुणाच्या मनात आले नाही; पैसे नव्हते असेही नाही.

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघे वाशीमला जाऊन कान तपासून आलो. त्याचे ठीक आहेत, रक्तदाब मात्र वाढलेला निघाला. माझा उजवा कान गेल्यात जमा आहे. बाटली त्याने परत नेली नाही आणि मी फेकली नाही. ती माझ्या कपाटात, भावप्रकाशाच्या शेजारी उभी आहे, सील न तोडलेली. पुस्तिका त्याने नेली. शेजारच्या एकाला हवी होती म्हणाला.